संकल्पनाचित्रण (अद्भुतरम्य व विज्ञानकथा)

संकल्पनाचित्रण (रूढ नाव : कॉन्सेप्ट आर्ट) ही उपयोजित चित्रकलेची एक शाखा आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, ॲनिमेशनपट आणि व्हिडिओ गेम यांच्या निर्मितीपूर्व टप्प्यात तिचा उपयोग होतो. प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेली स्थळे, वाहने, वेशभूषा, यंत्रे व प्राणी कसे दिसतील हे ठरवण्यासाठी काढलेल्या चित्रास संकल्पनाचित्र म्हणतात. वास्तववादी कथानकाच्या चित्रपटात कलादिग्दर्शकाला पुष्कळ गोष्टी आजूबाजूला सापडतात. अद्भुतरम्य कथा आणि विज्ञानकथा यांत तसे आयते काही मिळत नाही. त्यामुळे या दोन प्रकारांत संकल्पनाचित्रणाला विशेष महत्त्व आले.

ही चित्रे मुळात अंतर्गत कामासाठी असतात. सुतार, शिवणकाम करणारे, प्रतिकृती बनवणारे, संगणकतज्ज्ञ आणि निर्माते यांच्यासमोर एकच कल्पना ठेवणे, एवढाच त्यांचा हेतू असतो. तथापि १९७० च्या दशकापासून ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली आणि लेखक, चित्रकार, वास्तुरचनाकार व विद्यार्थी यांच्यासाठी स्फूर्तीचे एक स्वतंत्र स्थान बनली. या चित्रांतून प्रेरणा कशी घेतली गेली याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार आढळते. ज्या चित्रांनी पुढील पिढ्यांना घडवले, त्यांच्या कर्त्यांनी आपले साहित्य प्रामुख्याने विज्ञानकथेच्या बाहेरून गोळा केले होते.

स्वरूप

संकल्पनाचित्र आणि पुस्तकातील चित्र यांत फरक आहे. पुस्तकातील चित्र हे अंतिम कलाकृती असते. संकल्पनाचित्र हा एक प्रस्ताव असतो. तो बदलला, नाकारला किंवा अर्धाच वापरला जाऊ शकतो. एका पात्रासाठी वा वाहनासाठी अनेक पर्याय काढले जातात आणि त्यांतील बहुतेक बाद होतात. स्टोरीबोर्ड हाही वेगळा प्रकार आहे. त्यात प्रसंगांचा क्रम व कॅमेऱ्याची जागा दाखवलेली असते, तर संकल्पनाचित्रात त्या जगाचे रूप, प्रकाश आणि वातावरण निश्चित केले जाते.

कामाची सुरुवात सहसा अंगठ्याएवढ्या छोट्या रेखाटनांनी होते. त्यानंतर केवळ काळ्या छायाकृती काढून आकार दुरून ओळखू येतो का, हे तपासले जाते. निवडलेल्या कल्पनेचे रंगीत चित्र तयार होते आणि शेवटी समोरून, बाजूने व मागून दिसणारी, मापे व साहित्य नोंदवलेली आरेखने कारागिरांकडे जातात. पूर्वी ही कामे ग्वाश (अपारदर्शक जलरंग), मार्कर, ॲक्रिलिक व एअरब्रश यांनी होत. आता ती प्रामुख्याने संगणकावर होतात.

पूर्वपीठिका

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा मेट्रोपोलिस (१९२७) हा मूकपट भविष्यातील नगराच्या दृश्यकल्पनेचा आरंभबिंदू मानला जातो. लांग यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला भेट दिली होती. तेथील गगनचुंबी इमारतींच्या दर्शनाने आपल्याला या चित्रपटाची दिशा मिळाली, असे ते सांगत. भविष्याचे हे नगर म्हणजे वर्तमानातील एका खऱ्या शहराचा विस्तार होता. याच चित्रपटातील यंत्रमानव-स्त्री शिल्पकार वॉल्टर शुल्झे-मिटनडॉर्फ यांनी घडवली. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

अमेरिकेत चेस्ली बोनस्टेल (१८८८–१९८६) यांनी अवकाशचित्रणाला वेगळे वळण दिले. बोनस्टेल यांनी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम केले होते. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या दर्शनी भागाच्या आरेखनात त्यांचा वाटा होता. नंतर त्यांनी हॉलिवूडमध्ये मॅट पेंटिंगचे, म्हणजे चित्रीकरणात पार्श्वभूमी म्हणून वापरायच्या वास्तवसदृश चित्रांचे काम केले. सिटिझन केन (१९४१) हा त्यांनी काम केलेल्या चित्रपटांपैकी एक होय. १९४४ मध्ये लाइफ या नियतकालिकात शनीची त्यांची चित्रमाला प्रसिद्ध झाली. शनीच्या निरनिराळ्या उपग्रहांवरून तो ग्रह आकाशात केवढा दिसेल याचे गणित करून ही चित्रे काढली होती, त्यामुळे वाचकांना ती छायाचित्रांसारखी भासली. टायटनवरून दिसणारा शनी हे त्यांतील सर्वांत गाजलेले चित्र. त्यात निळ्या आकाशात, बर्फाळ कड्यांच्या वर शनी तरंगताना दिसतो.

१९८० मध्ये व्हॉयेजर १ हे यान टायटनजवळून गेले, तेव्हा तो उपग्रह नारिंगी धुक्याने इतका वेढलेला आढळला की त्याचा पृष्ठभागही दिसेना. बोनस्टेल यांच्या चंद्रावरील अणकुचीदार सुळकेही अपोलो मोहिमांनंतर चुकीचे ठरले. चंद्राचे डोंगर गोलसर निघाले. तरीही या चित्रांचे महत्त्व कमी झाले नाही. १९५० च्या दशकातील अनेक अमेरिकी वाचकांना परग्रह हे ‘जाता येईल असे ठिकाण’ प्रथम वाटले ते या चित्रांमुळे. कॉलियर्स या साप्ताहिकात १९५२ ते १९५४ या काळात आलेल्या अवकाशप्रवासविषयक लेखमालेत वेर्नर फॉन ब्राउन यांच्या लेखनासोबत बोनस्टेल यांचीही चित्रे होती.

राल्फ मॅकक्वारी आणि स्टार वॉर्स

संकल्पनाचित्रकार हा शब्द सामान्य प्रेक्षकांना परिचित होण्यात राल्फ मॅकक्वारी (१९२९–२०१२) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. कोरियन युद्धात सैनिक असताना त्यांच्या डोक्याला गोळी लागली होती. त्यातून ते बचावले. पुढे त्यांनी बोइंग कंपनीत तांत्रिक चित्रकार म्हणून नोकरी केली आणि अपोलो मोहिमांच्या दूरचित्रवाणी वार्तांकनासाठी सीबीएस वाहिनीकरिता सचेतन चित्रे तयार केली. विमानाचा भाग कसा जोडला जातो हे हाताने काढण्याची ही वर्षे त्यांच्या पुढील कामात सर्वत्र दिसतात.

१९७० च्या दशकाच्या मध्यास दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी आपल्या अद्याप न घडलेल्या चित्रपटातील काही प्रसंग रंगवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. लुकास यांची पटकथा वाचून तिची कल्पना करणे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अधिकाऱ्यांना अवघड जात होते. शब्दांत सांगितलेली केसाळ सहवैमानिक, सोनेरी यंत्रमानव, प्रकाशाची तलवार ही सामग्री कागदावर हास्यास्पद वाटण्याचा संभव होता. मॅकक्वारी यांची चित्रे सोबत ठेवल्यावर हा धोका टळला आणि निर्मितीला पैसा मिळण्यास त्यांची मदत झाली.

यांतील दोन उदाहरणे प्रेरणेच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिले सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाचे. लुकास यांनी मेट्रोपोलिसमधील यंत्र-स्त्रीचा नमुना पुढे ठेवला होता व मॅकक्वारी यांनी तिचे पुरुषरूप काढले. म्हणजे १९२७ च्या एका शिल्पातून हे पात्र आले. पण मॅकक्वारी यांनी वाळवंटात उभ्या असलेल्या त्या यंत्राच्या चेहऱ्यावर एक असहाय भाव आणला, तो मूळ शिल्पात नव्हता. ब्रिटिश अभिनेते अँथनी डॅनियल्स यांना यंत्रमानवाची भूमिका करण्यात रस नव्हता. हे चित्र पाहून आपले मन बदलले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. एका चित्राने नटाला भूमिका मिळवून दिल्याचे हे विरळा उदाहरण होय.

दुसरे उदाहरण डार्थ व्हेडरचे. लुकास यांनी काळा, फडफडणारा झगा आणि जपानी सामुराई योद्ध्यासारखे शिरस्त्राण सुचवले होते. मुखवट्याचा विचार झालेला नव्हता. पटकथेच्या आरंभी हे पात्र एका यानातून दुसऱ्या यानात शिरते, हे वाचून मॅकक्वारी यांना प्रश्न पडला, की मधल्या निर्वात पोकळीत तो श्वास कसा घेईल? त्यांनी श्वसनयंत्र असलेला मुखवटा काढला. लुकास यांनी तो त्या पात्राचा कायमचा भाग केला. चित्रपट इतिहासातील एक अत्यंत ओळखीचा चेहरा, आणि त्याचा तो घरघरणारा श्वास, हे एका साध्या व्यावहारिक शंकेचे फळ आहे. बोइंगमधील तांत्रिक चित्रकाराला ती शंका यावी, यात नवल नाही.

चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच निघालेल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर मॅकक्वारी यांचे चित्र होते, त्यामुळे अनेक वाचकांनी हे जग पडद्यावर पाहण्यापूर्वी त्यांच्या रंगांत पाहिले. त्याच वर्षी त्यांच्या चित्रांचा स्वतंत्र संच प्रकाशित झाला. पुढच्या काळात संकल्पनाचित्रांची पुस्तके काढण्याची जी प्रथा पडली, तिच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत हा संच मोडतो.

मॅकक्वारी यांच्या नाकारल्या गेलेल्या चित्रांनाही दीर्घायुष्य लाभले. स्टार वॉर्स रेबेल्स (२०१४) या ॲनिमेशन मालिकेची दृश्यशैली त्यांच्या मूळ चित्रांवरून बेतण्यात आली आणि तिच्यातील झेब हे पात्र च्युबाकाच्या वापरल्या न गेलेल्या आरंभीच्या रूपातून आले. स्टार ट्रेकच्या एका न बनलेल्या चित्रपटासाठी त्यांनी १९७० च्या दशकात केलेला यानाचा आराखडा २०१७ च्या स्टार ट्रेक : डिस्कव्हरी मालिकेतील मुख्य यानाचा आधार ठरला. कोकून (१९८५) या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी त्यांना इतर सहकाऱ्यांसह ऑस्कर पुरस्कार मिळाला.

न बनलेला ड्यून आणि एलियन

चिलीत जन्मलेले दिग्दर्शक अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास फ्रँक हर्बर्ट यांच्या ड्यून या कादंबरीवर चित्रपट काढण्याची तयारी पॅरिसमध्ये सुरू केली. त्यांनी जमवलेल्या चमूत फ्रेंच चित्रकथाकार मोबियस (झाँ जिरो), पेपरबॅक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर झगझगीत रंगांची यंत्रयाने रंगवणारे इंग्रज चित्रकार ख्रिस फॉस, स्विस चित्रकार एच. आर. गीगर आणि अमेरिकी लेखक डॅन ओ’बॅनन हे होते. सर्व स्टोरीबोर्ड व संकल्पनाचित्रे एका जाडजूड ग्रंथात बांधून हॉलिवूडच्या स्टुडिओंना दाखवण्यात आली. पैसा उभा राहिला नाही आणि चित्रपट बनला नाही.

निराश झालेले ओ’बॅनन अमेरिकेत परतले व त्यांनी रोनाल्ड शुसेट यांच्यासह एक कथा रचली. तिच्यातून एलियन (१९७९) हा चित्रपट उभा राहिला. पॅरिसमध्ये भेटलेल्या गीगर यांची चित्रे ओ’बॅनन यांच्या मनातून गेली नव्हती. त्यांनी गीगर यांचा नेक्रोनॉमिकॉन हा चित्रसंग्रह दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना दाखवला. त्यातील नेक्रोनोम ४ (१९७६) या चित्रातील लांबोळक्या कवटीची आकृती पाहून स्कॉट यांचा शोध संपला. पडद्यावरील प्राणी याच चित्रापासून विकसित झाला. येथे क्रम उलटा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रपटासाठी चित्र काढले गेले नाही. आधी काढलेल्या चित्रामुळे चित्रपटातील प्राण्याला रूप मिळाले.

गीगर (१९४०–२०१४) यांनी झुरिचमध्ये वास्तुरचना व औद्योगिक अभिकल्प यांचे शिक्षण घेतले होते. हाडे, नळ्या, बरगड्या आणि यंत्रांचे सांधे यांना एकजीव करणारी त्यांची एअरब्रशची शैली ‘जैवयांत्रिक’ म्हणून ओळखली जाते. तिचा उगम त्यांच्या भयस्वप्नांत आणि शरीररचनेच्या निरीक्षणात होता. चित्रपटाच्या इंग्लंडमधील स्टुडिओत त्यांनी खरी हाडे मागवून त्यांच्या आधारे शिल्पे घडवली.

याच चित्रपटात माणसांचे यान मात्र दुसऱ्याच हाताचे आहे. रॉन कॉब (१९३७–२०२०) हे मूळचे राजकीय व्यंगचित्रकार. नॉस्ट्रोमो या मालवाहू यानाच्या आतील भागाची रचना त्यांनी ते खरोखर चालवायचे आहे असे धरून केली. कुठल्या दारामागे दाब कमी आहे, कुठे कृत्रिम गुरुत्व नाही, हे सांगणारी सूचनाचिन्हांची एक संपूर्ण मालिकाच त्यांनी आखली. प्रेक्षकाला त्यांतील फार थोडी चिन्हे वाचता येतात. तरीही ते यान एखाद्या बंदरातील जुन्या जहाजासारखे वापरलेले वाटते आणि अशा ओळखीच्या जागेत गीगर यांचा प्राणी शिरल्यामुळे भीती वाढते. दोन चित्रकारांना मुद्दाम वेगवेगळ्या दिशेने काम करू देण्याचा हा निर्णय एलियनच्या यशाचे एक प्रमुख कारण मानला जातो. गीगर यांना या कामासाठी सहकाऱ्यांसह १९८० चा दृश्यपरिणामांचा ऑस्कर मिळाला.

मोबियस यांच्या चित्रांचा प्रवास याहून दूरवर झाला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आर्झाक या शब्दविरहित चित्रकथेचा आपल्यावर परिणाम झाल्याचे जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी मान्य केले आहे. मियाझाकी यांच्या नौसिकाच्या (चित्रकथा १९८२ पासून, चित्रपट १९८४) विस्तीर्ण, एकाकी अवकाशात तो दिसतो. मात्र नौसिकातील विषारी अरण्यामागे आणखी एक प्रेरणा होती : पाऱ्याच्या प्रदूषणाने ग्रासलेले जपानचे मिनामाता आखात. फ्रेंच चित्रकथेतून आकार आला आणि जपानच्या किनाऱ्यावरील एका खऱ्या दुर्घटनेतून आशय आला.

सिड मीड आणि ब्लेड रनर

सिड मीड (१९३३–२०१९) हे फोर्ड कंपनीत मोटारींचे अभिकल्पक होते. ब्लेड रनर (१९८२) या चित्रपटासाठी त्यांना सुरुवातीला फक्त वाहने काढण्यास सांगितले होते. मोटार रिकाम्या पांढऱ्या कागदावर काढायची नाही, ती रस्त्यावर, पावसात, माणसांमध्ये उभी दाखवायची ही त्यांची जुनी सवय. ते रस्ते पाहून रिडली स्कॉट यांनी त्यांच्याकडे शहराचेही काम दिले. मीड यांनी नव्या इमारती उभ्या करण्याऐवजी जुन्याच इमारतींवर नळ, वायुवाहिन्या व तारा यांची जोड लादली. शहर पाडून नवे बांधणे परवडत नाही, म्हणून लोक त्यालाच ठिगळे लावत राहतात, हा त्यामागील तर्क. मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागच्या भिंती पाहिलेल्या वाचकाला हा तर्क समजावून सांगण्याची गरज नाही.

स्कॉट यांच्यासमोर इतर चित्रेही होती : एडवर्ड हॉपर यांचे नाइटहॉक्स (१९४२) आणि मोबियस यांनी डॅन ओ’बॅनन यांच्या कथेवर काढलेली द लाँग टुमॉरो ही चित्रकथा. विल्यम गिब्सन हे न्यूरोमॅन्सर (१९८४) ही कादंबरी लिहीत असताना ब्लेड रनर पाहायला गेले आणि आपल्या कल्पनेतील शहर आधीच पडद्यावर आलेले पाहून अर्ध्यातच बाहेर पडले, ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे.

टॉल्किन यांची भूमी

अद्भुतरम्य कथेच्या क्षेत्रात द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही चित्रपटत्रयी (२००१–२००३) संकल्पनाचित्रणाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण समजली जाते. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी ॲलन ली व जॉन हाउ या दोन चित्रकारांना न्यूझीलंडला बोलावले. दोघेही त्यापूर्वी अनेक वर्षे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या पुस्तकांची चित्रे काढत होते. ली यांनी टॉल्किन जन्मशताब्दीनिमित्त १९९१ मध्ये निघालेल्या आवृत्तीसाठी जलरंगातील ५० चित्रे काढली होती.

ली इंग्लंडमधील डार्टमूर परिसरात राहतात. शेवाळलेल्या खडकांवर वाढलेली तेथील वाकडीतिकडी झाडे त्यांच्या जलरंगांत ठिकठिकाणी आढळतात. कॅनडात जन्मलेले व स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले हाउ हे मध्ययुगीन जीवनाचे पुनर्दर्शन घडवणाऱ्या मंडळात भाग घेत. चिलखत अंगावर घातल्यावर खांदा किती वर उचलता येतो हे त्यांना अनुभवाने माहीत होते आणि त्यांच्या योद्ध्यांच्या पवित्र्यात ते उतरले. रोहन या राज्याची दृश्यभाषा अँग्लो-सॅक्सन संस्कृतीवरून, विशेषतः सटन हू येथील उत्खननातील वस्तूंच्या नक्षीवरून घेण्यात आली. टॉल्किन हे स्वतः जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक असल्यामुळे चित्रकार येथे लेखकाच्याच झऱ्यापर्यंत पोचले असे म्हणता येते. टॉल्किन यांनी स्वतः काढलेल्या रिव्हेन्डेलच्या चित्रावर स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन दरीची छाप आहे. तेथे ते १९११ मध्ये पायी फिरले होते. ली यांना त्रयीतील शेवटच्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी ग्रँट मेजर व डॅन हेना यांच्यासह ऑस्कर मिळाला. पहिल्या चित्रपटाच्या आरंभी अंगठ्या स्वीकारणाऱ्या नऊ राजांमध्ये ली व हाउ हे दोघे क्षणभर दिसतात.

भारतातील संबंधित परंपरा

भारतात संकल्पनाचित्रण हा शब्द अलीकडचा असला, तरी चित्रीकरणापूर्वी चित्र काढून जग ठरवण्याची पद्धत मूकपटाइतकी जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे वळले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या सैरंध्री (१९२०) पासूनच्या आपल्या चित्रपटांसाठी ते पात्रांची, वेशभूषेची व हालचालींची रेखाटने स्वतः तयार करीत. त्याआधी दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांतील देवदेवतांचे रूप राजा रवी वर्मा यांच्या शिळामुद्रित चित्रांनी प्रेक्षकांच्या मनात ठसवलेल्या प्रतिमेशी मिळतेजुळते होते. फाळके यांनी लोणावळ्याजवळील रवी वर्मा मुद्रणालयासाठी काही काळ काम केले होते. अद्भुताला आधी चित्रात आणि मग पडद्यावर रूप मिळते, हा क्रम येथेही तोच आहे.

सत्यजित राय हे व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील चित्रकार होते. गुपी गायन बाघा बायन (१९६९) या अद्भुतरम्य चित्रपटाची वेशभूषा व नेपथ्य त्यांनी आपल्या वह्यांत रेखाटले. १९६० च्या दशकात योजलेला त्यांचा द एलियन हा विज्ञानपट मात्र बनू शकला नाही. बंगालमधील खेड्याच्या तळ्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची त्यांनी काढलेली रेखाटने उरली आहेत.

प्रेरणा आणि अभ्यास

संकल्पनाचित्रे पाहून काम शिकणाऱ्यांची संख्या आंतरजालामुळे फार वाढली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आर्टस्टेशनसारख्या संकेतस्थळांवर व्यावसायिकांचे काम कोणालाही पाहता येते. याची दुसरी बाजूही आहे. तीच चित्रे पाहून काढलेल्या चित्रांवरून पुन्हा नवी चित्रे निघतात. धुक्यातील मनोरा, त्यासमोर पाठमोरी उभी असलेली झगाधारी व्यक्ती, निळा आणि नारिंगी प्रकाश यांची पुनरावृत्ती होत राहते. कौशल्य वाढते, पण जग मात्र एकच उरते.

त्यामुळे अभ्यासाची अधिक फलदायी रीत म्हणजे आवडलेल्या चित्रातून मागे जाणे. एखादे यान विश्वसनीय का वाटते, हे पाहताना त्याचा वजनदार भाग कुठे आहे, माणूस आत कुठून शिरतो, दुरुस्ती करणारा कुठे उभा राहतो, हे प्रश्न विचारता येतात. चित्रकाराने कोणते खरे यंत्र, इमारत वा प्राणी पाहिला असेल याचा माग काढता येतो. नंतर त्या मूळ वस्तूचे प्रत्यक्ष रेखाटन करणे, हा भाग सर्वांत कंटाळवाणा व सर्वांत आवश्यक आहे. गुरूंच्या चित्राची नक्कल करण्याला चित्रकलेच्या शिक्षणात जुने स्थान आहे. ती सरावासाठी असते आणि सरावातच राहते.

स्वीडनचे सायमन स्टोलेनहाग (जन्म १९८४) यांचे उदाहरण या संदर्भात दिले जाते. ते आधी स्वीडिश पक्षिचित्रकार लार्स योनसन यांच्यासारख्यांच्या प्रभावाखाली निसर्गचित्रे काढत. पुढे मॅकक्वारी आणि मीड यांची चित्रे पाहिल्यावर त्यांनी यंत्रमानव रंगवण्यास सुरुवात केली, पण ते आपल्या बालपणीच्या स्टॉकहोमजवळच्या बेटांवर, ओल्या शेतांत आणि उभ्या केलेल्या व्होल्वो मोटारींच्या शेजारी. द लूप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांवर २०२० मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली. हाफ-लाइफ २ (२००४) या व्हिडिओ गेमचे कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनॉव्ह (१९७२–२०२५) यांनी सिटी १७ हे पोलादी अंमलाखालील शहर रचताना आपले जन्मगाव सोफिया व पूर्व युरोपातील इतर शहरे डोळ्यांसमोर ठेवली. ट्रामचे खांब, पोपडे उडालेल्या भिंती आणि समाजवादी काळातील इमारती यांच्यामधून परग्रहवासीयांचा काळा मनोरा वर येतो.

अनुकरण, हक्क आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रेरणा कुठे संपते व उचलेगिरी कुठे सुरू होते, हा प्रश्न न्यायालयांतही गेला आहे. इंग्रज चित्रकार रॉजर डीन यांनी १९७० च्या दशकात संगीताच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर तरंगती बेटे व कमानदार खडक रंगवले होते. अवतार (२००९) या चित्रपटातील तरंगते पर्वत त्यावरून घेतल्याचा दावा त्यांनी २०१३ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दाखल केला. २०१४ मध्ये तो फेटाळण्यात आला. हवेत तरंगणारी भूमी ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. संरक्षण असते ते तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीला. दरम्यान चीनमधील झांगजिआजी येथील उंच शिलास्तंभांपैकी एकाला तेथील प्रशासनाने २०१० मध्येच या चित्रपटातील पर्वताचे नाव दिले होते.

मूळ वस्तूची मालकी आणि स्वामित्वहक्क यांतील फरकही असाच दुर्लक्षिला जातो. होदोरोव्स्की यांच्या ड्यूनच्या ग्रंथाची एक प्रत नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात २६ लाख युरोंहून अधिक किमतीस विकली गेली. ती आभासी चलनाच्या गुंतवणूकदारांच्या एका गटाने घेतली होती आणि ग्रंथ लोकांसाठी खुला करण्याचा व त्यावर आधारित मालिका काढण्याचा त्यांचा मनोदय होता. ग्रंथ विकत घेतल्याने चित्रांचे वा कादंबरीचे हक्क मिळत नाहीत, ही गोष्ट त्यानंतर जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांना आठवण करून दिली.

२०२२ पासून शब्दांच्या सूचनेवरून चित्र तयार करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वांना उपलब्ध झाल्या. अद्भुतरम्य दृश्यांसाठी प्रसिद्ध असलेले पोलिश चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की यांचे नाव अशा सूचनांमध्ये हजारो वेळा वापरले गेले. आंतरजालावर आपले नाव शोधल्यास आपण न काढलेलीच चित्रे समोर येतील, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवरील अनेक चित्रकारांनी आपल्या चित्रांऐवजी निषेधाचे एकच चिन्ह लावले. जानेवारी २०२३ मध्ये संकल्पनाचित्रकार कार्ला ऑर्टिझ व इतर दोन चित्रकारांनी अशा प्रणालींच्या कंपन्यांवर कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा केला. आपल्या चित्रांचा वापर संमती, श्रेय व मोबदला यांविना प्रणाली शिकवण्यासाठी झाला, अशी त्यांची तक्रार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने स्वामित्वहक्क उल्लंघनाचे काही मुद्दे पुढील सुनावणीसाठी ग्राह्य धरले.